सतरा नंबरचा निरोप

“जे कळलं नाही ते दिसेल त्या खणात कोंबायचं नाही. बाहेर ठेवायचं, अगदी वाटेत. कुणाच्या तरी पायात येईल, तो बोंब मारेल, मग आपण बघू. पण खणात कोंबलंस ना, की मेलं ते. वास सुटेपर्यंत कुणाला कळायचं नाही.”

हे मास्तरांचं बोलणं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कंपनीत तिला काम शिकवणारे, जाड भिंगाचे, स्वतःशी पुटपुटत कोड लिहिणारे एक वयस्क गृहस्थ. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण नवं काम हातात घेतलं की त्यांचा आवाज तिच्या कानाशी यायचाच.

काम तसं सांगायला सोपं. ऑनलाइन दुकानात कुणी काही मागवलं की तो निरोप गोदामाला जायला हवा, गोदामानं खोका बांधला की पार्सल कंपनीला, आणि पार्सल कुठवर आलं हे उलट पुन्हा दुकानाला. तिघांची सॉफ्टवेअरं तीन तऱ्हांची, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेल तर शपथ. त्या तिघांमधला दुवा लिहायचा, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा, हे तिचं काम. तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा, “आमची ही सोयरिकी जुळवते. दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत आणि लग्न तर लावायचंय, अशी तिची नोकरी.” ते कधीतरी ऑफिसात कळलं, आणि तेव्हापासून सगळे तिला सोयरीकबाईच म्हणू लागले. मालकसुद्धा.

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरचा मजला. सहा टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि खालून दिवसभर यंत्राचा धडधडाट. तिथं त्या वर्षी एक मोठं काम आलं होतं. नेहमीच्या दुकानात सहज न मिळणारी औषधं घरपोच पाठवणाऱ्या एका दुकानाचं. मालकांनी ते मिळवायला वर्षभर जोडे झिजवले होते.

दुकानाच्या सॉफ्टवेअरला पार्सलच्या पाचच अवस्था ठाऊक होत्या: मिळाली, बांधली, निघाली, पोचली, परत आली. पार्सल कंपनीकडे मात्र एकतीस. एकतीस नंबर, प्रत्येकापुढे एक त्रोटक ओळ. त्या एकतिसांना पाच खणांत बसवायचं होतं. तीस बसले. सतरा नंबर राहिला. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘ठरलेल्या ठिकाणी सुपूर्द’. बस्स, इतकंच.

तिनं पार्सल कंपनीला पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं, ‘आपला प्रश्न आम्हाला मिळाला आहे.’ चार दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शुक्रवार उजाडला, आणि सोमवारी काम सुरू करायचं होतं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची सरकवत आला. पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, सदा घाईत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बिनधास्त’ म्हणायची खोड, म्हणून नावच बिनधास्त पडलं होतं.

“अजून सतरावरच? अगं, सुपूर्द म्हणजे सुपूर्द. हातात दिलं. आणखी काय पाहिजे, नमस्कार करून दिलं का ते विचारायचंय?”

“हातात दिलं त्याला चार नंबर आहे ना. मग हा सतरा वेगळा कशाला काढला असेल?”

“एकतीस लेकरांच्या आईला प्रत्येकाचं नाव का ठेवलं ते आठवत असेल का? टाक ‘पोचली’त. बिनधास्त.”

“मी बाहेर ठेवते. अनोळखी म्हणून.”

अनोळखी ठेवलं की दुकानाच्या पडद्यावर प्रत्येक वेळी लाल ओळ उमटली असती. हे ऐकून मालक आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. “सोमवारी त्यांच्या समोर लाल ओळी दिसल्या तर माझं नाक कापलं जाईल, सोयरीकबाई. काहीतरी एक ठरवा आणि मोकळ्या व्हा.”

तिनं ठरवलं. सतरा नंबर ‘पोचली’च्या खणात टाकला, आणि त्या ओळीशेजारी स्वतःसाठी दोन शब्द लिहून ठेवले: ‘खात्री करणे’.

सोमवारी सगळं सुरळीत सुरू झालं. कुणाच्या पायात काही आलं नाही, कुणी ओरडलं नाही. मालकांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना एकेक छत्री वाटली, खाली छापखान्यातून कंपनीचं नाव छापून आणलेली. आणि ते दोन शब्द जिथल्या तिथं राहिले. दुसरं काम आलं, तिसरं आलं. माणूस विसरतो म्हणजे काही मोठं पाप करतो असं नाही; रोजच्या रगाड्यात एक गोष्ट हातातून निसटते, इतकंच. पण निसटलेली गोष्ट पडते कुठंतरी, आणि ती कुणाच्या डोक्यावर पडेल हे आपल्या हातात नसतं.

तीन महिन्यांनी औषधांच्या गोदामाच्या प्रमुखबाईंचा फोन आला. बसका आवाज, मागे चिकटपट्टी फाडल्याचा चर्र-चर्र आवाज.

“ताई, तुमचं मशीन म्हणतंय हे खोके लोकांच्या घरात आहेत. माझ्या डोळ्यांना तर ते माझ्या फळीवर दिसताहेत. आता मी वेडी का मशीन वेडं, तेवढं येऊन सांगा.”

ती गेली. गोदामाच्या मागच्या भिंतीशी, जिथं परत आलेला माल ठेवतात तिथं, एकेचाळीस तपकिरी खोके ओळीनं लावले होते. प्रमुखबाईंनी एक उचलला आणि स्कॅनरखाली धरला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: पोचली. दुसरा धरला: पोचली. तिसरा धरायला त्या वाकल्या तेव्हा ती म्हणाली, “पुरे.”

खोक्यावर पार्सल कंपनीची चिठ्ठी होती. ‘सात दिवसांत कुणी नेले नाही. परत.’

तिथं उभ्या उभ्या तिला सगळं लख्ख दिसलं. सतरा नंबर म्हणजे दार उघडलं नाही म्हणून पार्सल जवळच्या एखाद्या ठरलेल्या दुकानात ठेवलंय, घरच्यांनी येऊन न्यावं. ‘येऊन न्या’ हा निरोप पार्सल कंपनी फोनवर धाडायची. पण औषधांच्या गुप्ततेपायी दुकानानं लोकांचे फोन नंबर पार्सल कंपनीला द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. म्हणजे तो निरोप कुणालाच गेला नाही. गेला तो तिच्या कोडमधून निघालेला: आपली ऑर्डर पोचली, धन्यवाद.

आणि खोका परत फिरला तेव्हा तरी बोंब व्हायला हवी होती. तीही झाली नाही. कारण पार्सल कंपनीचे निरोप कधी कधी मागेपुढे येत. आधी ‘पोचली’ आणि मग दोन तासांनी ‘निघाली’. तो घोळ नको म्हणून तिनंच लिहून ठेवलं होतं की एकदा पोचलेल्या ऑर्डरीबद्दल नंतर काही ऐकायचं नाही. त्या वेळी त्याबद्दल तिची पाठ थोपटली गेली होती.

“बरं वाटत नाही का?” प्रमुखबाईंनी विचारलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं. “बसा. पाणी देऊ?”

ऑफिसात परतल्यावर दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. बिनधास्त तिच्या मागे उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, “मी म्हणालो होतो ना टाक म्हणून.”

“तू म्हणालास. टाकलं मी.”

औषधांच्या दुकानानं एकेचाळीस जणांची यादी केली, आणि ग्राहकसेवेच्या मुलींनी एकेकाला फोन केले. चार दिवसांनी ती यादी तपासायला तिच्याकडे आली. प्रत्येक नावापुढे शेरा होता. ‘पुन्हा पाठवले.’ ‘दुसरीकडून घेतले, आता नको.’ ‘रागावले, माफी मागितली.’ एकोणतिसाव्या ओळीपुढे लिहिलं होतं: ‘रुग्ण वारला. काही बोलू नये.’

तिनं ती ऑर्डर उघडली. फिट येऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या, महिन्याच्या महिन्याला. रुग्णाचं वय चोवीस. मागवणारी त्याची वहिनी. तिनं दुकानाला पाठवलेले निरोप खाली एकाखाली एक होते.

‘पार्सल मिळालेलं नाही.’

‘आमच्या नोंदीप्रमाणे ते घरी पोचले आहे. कृपया घरातील इतरांकडे चौकशी करावी.’

‘सगळ्यांना विचारलं. गोळ्या आठ दिवसांच्याच उरल्यात. इकडे मिळत नाहीत.’

‘आमच्या नोंदीप्रमाणे ते घरी पोचले आहे. हवे असल्यास नवीन ऑर्डर नोंदवावी.’

नवीन ऑर्डर नोंदवलेली होती. तीही निघायला सहा दिवस लागले होते. मग:

‘कुणी घेतलं एवढं सांगता का? दुपारी घरात मी एकटीच असते. मला आठवत नाही. मी घेतलं असेल तर तसं सांगा.’

त्यानंतर बारा दिवस काही नाही. आणि शेवटचा:

‘आता औषध नको. फक्त तेवढं सांगा.’

याला उत्तर म्हणून एक ठरावीक ओळ गेली होती. ‘आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.’

ती उठली आणि काचेच्या खोलीत गेली. मालक वाईट माणूस नव्हते. तिची मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारे हेच. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “परवाच कळलं.”

“मग त्यांना कळवायला नको?”

“काय कळवायचं? गेलेला परत येणारे का? दुकानाच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलंय, त्या घराशी कुणी बोलायचं नाही. पार्सल कंपनी म्हणते आमचा कागद बरोबर आहे. दुकान म्हणतं आमची नोंद बरोबर आहे. मध्ये कोण उरतं? आपण. सहा घरं चालतात या मजल्यावर, सोयरीकबाई. तुमचंही त्यात आलं.”

“पण त्यांना वाटतंय की त्या वहिनीनं...”

“लोकांना काय वाटतं त्याचं मी काय करू?” मालकांचा आवाज चढला आणि लगेच पडला. “जा. काम करा. देवाचं नाव घ्या.”

देवाचं नाव ती रोजच घेत होती. पुढचे दोन दिवसही घेतलं. पण हात जोडले की समोर ती एकच ओळ यायची, ‘मी घेतलं असेल तर तसं सांगा’, आणि जोडलेले हात आपोआप सुटायचे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती छापखान्याच्या मागच्या जिन्यात जाऊन बसली आणि ऑर्डरीवरचा नंबर फिरवला. हे नियमाबाहेर आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“हॅलो?” मागे नळ वाहत होता.

“मी तुमच्या त्या औषधाच्या पार्सलबद्दल बोलतेय. मी दुकानातली नाही. पार्सलचे निरोप ज्याच्यातून जातात ते मी लिहिलंय.”

“काय मागवलेलं नाही आम्ही.”

“माहीत आहे. तुम्ही विचारलं होतं ना, कुणी घेतलं म्हणून. कुणीच घेतलं नाही. ते पार्सल तुमच्या घरी आलंच नव्हतं. जवळच्या दुकानात पडून राहिलं आणि परत गेलं. पोचलं असं चुकीचं दाखवलं गेलं. ती चूक माझी.”

नळ बंद झाला.

“मी घेतलं नव्हतं?”

“नाही.”

“नक्की? नीट बघा. माझी सही असेल.”

“सही नाही. कुणाचीच नाही. नक्की सांगते.”

“मी कपाटं उतरवली हो. गाद्या उसवल्या. माळ्यावरचं सगळं खाली काढलं. सासूबाई म्हणायच्या, ठेवलं असशील कुठंतरी, तुझं लक्ष असतं कुठं. रोज म्हणायच्या. मग मलाच आठवायला लागलं. दारात माणूस उभा आहे, मी हात पुसत पुसत गेले, खोका घेतला. खोक्याचा रंगसुद्धा आठवतो मला. पांढरा.”

“खोका तपकिरी असतो,” ती म्हणाली. “सगळे तपकिरीच असतात.”

पलीकडून एक आवाज आला. हसू होतं की रडू, कळलं नाही.

“न्हाणीघरात पडला तो,” ती बाई म्हणाली. “नळाच्या तोटीवर. मी दार तोडायला शेजाऱ्यांना बोलवेपर्यंत... आमचं रोज भांडण व्हायचं, माहितीये? रिमोटवरून. चोवीस वर्षांचा घोडा, पण रिमोट सोडायचा नाही.” मग म्हणाली, “आमचे हे माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं तर जेवतात. दोन महिने झाले.”

“सासूबाईंना फोन द्या. मी सांगते त्यांना.”

“नको, नको. फोनवर नको. म्हणतील माहेरच्या कुणाला तरी बोलायला बसवलं हिनं.” आवाज एकदम खाली आला. “तुम्ही याल का? इथं घरी? तोंडानं सांगाल, सगळ्यांसमोर?”

जिन्याखाली यंत्र धडधडत होतं. तिच्या मांडीवरचा डबा अजून उघडलेला नव्हता.

“येते.”

“सगळे असंच म्हणतात.”

“येते म्हणाले ना. कधी असतात सगळे घरी?”

“शनिवारी. दुपारपर्यंत.”

“शनिवारी येते.”

घरी तिनं जेवणं उरकल्यावर सांगितलं. नवरा चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवून उतरवून त्याला प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी बघायची सवय लागली होती.

“ते लोक तुझ्यावर हात उगारतील,” तो म्हणाला. “पोलिसात जातील. आणि जायलाही हवं त्यांनी, त्यांच्या जागी मी असतो तर गेलोच असतो. मी येतो बरोबर.”

“तू आलास तर वाटेल मी संरक्षण घेऊन आले.”

“मग पत्र लिही. सगळं सविस्तर लिही, सही कर.”

“पत्र कोण वाचेल त्या घरात? पहिलं कुणाच्या हातात पडेल, ठाऊक आहे का तुला?”

सासूबाई पलीकडे बसून शेंगा सोलत होत्या. त्यांची जीभ तिखट. सुनेच्या नोकरीला त्या ‘कळ दाबायची नोकरी’ म्हणायच्या.

“माझ्यावर एकदा आला होता आळ,” त्या शेंगेवरून नजर न उचलता म्हणाल्या. “वाटीचा. चांदीची वाटी. पुढं सापडली ती, धाकट्या जावेच्या पेटीत. पण मोठ्यांदा कुणी म्हणालं नाही की ही चोर नव्हती म्हणून. नुसती वाटी जागेवर ठेवली आणि सगळे जेवायला बसले. चाळीस वर्षं झाली.”

नवरा आईकडे बघतच राहिला. “हे कधी बोलली नाहीस.”

“तुझ्या आजीसमोर बोलायचं होतं. तुझ्यासमोर बोलून काय उपयोग?” त्यांनी सालपटं सुपात लोटली. “जाऊ दे तिला. आणि तू रे, उगाच मध्ये लुडबुडू नकोस.”

शुक्रवारी संध्याकाळी ती काचेच्या खोलीत गेली. उभ्यानंच म्हणाली, “मी उद्या त्या घरी चाललेय. तुम्हाला विचारायला नाही आले. पाठीमागून केलं असं वाटू नये म्हणून सांगायला आले.”

मालकांनी वर पाहिलंच नाही. समोरचा कागद सरळ केला, मग पुन्हा सरळ केला.

“तो खोका मिळणार नाही तुम्हाला,” ते म्हणाले. “गोदामातला परतीचा माल काल नष्ट केला. जुन्या नोंदीही दुकानानं बंद केल्यात. हातात काही नसताना जाऊन काय दाखवणार?”

“दाखवायचं काही नाही. सांगायचंय.”

“मग सोमवारी इकडे येऊ नका.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की खालच्या यंत्रात ते जवळजवळ बुडून गेलं. “मी ठेवू शकणार नाही. समजून घ्या.”

तिनं समजून घेतलं. टेबलाच्या खणातून आपला कप आणि मुलीनं काढलेलं एक चित्र घेतलं. बिनधास्त जिन्यापर्यंत आला. दोन पायऱ्या उतरला, थांबला.

“माझं नाव सांगणार आहेस तिथं?”

“तुझं कशाला? त्यांना माणूस हवाय, यादी नकोय.”

तो कठड्याला धरून उभा राहिला. तिला वाटलं तो म्हणेल, मीही येतो. तो म्हणाला नाही. दोन मुली होत्या त्याला. तिनं मनातल्या मनात त्याला दोष दिला नाही, निदान द्यायचा नाही असं ठरवलं.

शनिवारी सकाळी तिनं रोजच्यासारखी अंघोळ केली, हात जोडले. मागितलं काही नाही. काय मागायचं हेच सुचेना. त्या घरानं आपल्याला क्षमा करावी असं मागणं तिला निर्लज्जपणाचं वाटलं. काय बोलायचं ते तिनं चार वेळा मनात जुळवून पाहिलं होतं आणि चारही वेळा ते मोडून पडलं होतं. गेलेला तो त्या वहिनीच्या सासूचा पोटचा मुलगा होता. तिच्यासमोर ‘खण’, ‘नंबर’, ‘निरोप’ असले शब्द काढायचे तरी कसे? मग तिनं ठरवलं, तीनच गोष्टी सांगायच्या. खोका आलाच नव्हता. तुमच्या सुनेनं तो घेतला नव्हता. तो आला असं जिनं लिहिलं, ती मी. पुढं ते जे म्हणतील ते बसून ऐकायचं. ऊठ म्हणाले तर उठायचं.

मुलगी अजून झोपेत होती. नवऱ्यानं पाण्याची बाटली भरून दिली. मग दाराची कडी काढून तो बाजूला झाला.

“काहीतरी खाऊन जा,” सासूबाई आतून म्हणाल्या.

“आल्यावर खाईन, आई.”

“उशीर होईल?”

“होईल बहुतेक. ते बस म्हणाले तर होईल.”

ती उतरली. रस्त्यावर दुकानं अजून उघडली नव्हती. कुणीतरी आपल्या दारापुढची फरशी धूत होतं, ते पाणी चुकवायला ती जरा कडेला झाली. बसथांब्यावर पोचल्यावर तिनं कागदावरचा पत्ता एकदा वाचला आणि त्या बाईला दोन शब्दांचा निरोप पाठवला: ‘निघाले आहे.’ गाडी आली. वाहकानं कुठं जायचं विचारलं. तिनं त्या गावाचं नाव सांगितलं, एक तिकीट घेतलं आणि खिडकीपासच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.